कापशाची दाढ

मुलांनो, बैलबाजारात कधी गेला आहात? आमच्या साक्री तालुक्यातल्या पोरांना हे विचारावं लागत नाही. बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी काय करतो? शिंगं बघत नाही, रंग बघत नाही. सरळ बैलाचे ओठ वर करून तोंडात डोकावतो. दोन दाती आहे, चार दाती आहे की पार जुळला आहे, त्यावरून वय ठरतं, अन् वयावरून भाव. बैलाला पुढचे दात फक्त खालीच असतात, वर नुसती कडक हिरडी. हे आमच्या चौथीच्या वर्गात कुणीही सांगेल.

पण सशाच्या तोंडात कधी कुणी डोकावलं आहे का? मीही डोकावलो नव्हतो. आणि डोकावून वय कळलंही नसतं. कारण सशाचे दात कधी पुरे होतच नाहीत. जन्मभर वाढत राहतात, आपल्या नखांसारखे! पुढचे दात आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर वाढतात. म्हणजे वर्षाला 10 सेंटीमीटरच्या वर. तुमच्या पट्टीवर मोजून बघा बरं! घासले गेले नाहीत, तर सशाला हत्तीसारखे सुळे घेऊन हिंडावं लागेल.

हे सगळं मला कसं कळलं, त्याचीच ही गोष्ट. तिच्यात माझी एक मोठी चूक आहे. तीही सांगणार आहे.

आमच्या वर्गातल्या एका मुलीकडे एक पांढराशुभ्र ससा आहे. खानदेश म्हणजे कापसाचा मुलूख, तेव्हा त्याचं नाव अर्थातच कापशा. (हा पाळीव ससा, बरं का. शेतात बांधावर दिसतो तो रानससा वेगळा. त्याची पिल्लं जन्मतःच डोळे उघडे अन् अंगावर केस घेऊन येतात. आई जवळ दिसत नाही म्हणून ती उचलून घरी आणू नका. रानससा पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे.)

चौथीच्या गणितात वजन-मापं शिकवायची होती. शनिवारी सकाळची शाळा असते, दप्तर हलकं असतं. मी म्हटलं, दर शनिवारी कापशाला आणायचं आणि वजन करायचं. शेजारच्या किराणा दुकानातून काटा मागून आणला. टोपलीचं वजन वजा करायचं, उरलं ते कापशाचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरुवात केली. भिंतीवर तक्ता लावला. आकडे असे येत गेले: 2 किलो 150 ग्रॅम, 2 किलो 130, पुन्हा 2 किलो 130, मग 2 किलो 80, 2 किलो 20, 1 किलो 940, 1 किलो 850.

पोरांनी यावर वजाबाकीची किती उदाहरणं सोडवली असतील! उत्तरं बरोबर आली की मी लाल शाईने बरोबरची खूण करायचो. सात आठवड्यांत 300 ग्रॅम घटले. तुमचं वजन 30 किलो आहे असं समजा, तर 4 किलोंहून जास्त गेले असते. घरात केवढी धावपळ झाली असती! पण तक्ता भिंतीवर होता, आकडे ठळक होते, आणि पंचवीस पोरं अन् एक मास्तर यांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की, अरे, हा ससा वाळतोय का?

जानेवारीतल्या त्या शनिवारी मुलगी टोपली ठेवून म्हणाली, “गुरुजी, कापशाना गाल सुजना. काहीच खात नही.”

मी हात लावून पाहिलं. डाव्या बाजूला, खालच्या जबड्याला बोराएवढी गाठ. टणक. हनुवटीखालचे केस ओले, चिकट. पुढच्या पायांचे पंजे आतल्या बाजूने मळलेले. मला वाटलं, पाणी पिताना सांडलं असेल. ती लाळ होती. दुखतं म्हणून गिळवत नाही, लाळ गळते, ती तो पायांनी पुसतो, म्हणून पंजे मळतात. सशाने पाय दाखवून सांगितलं होतं, मला वाचता आलं नाही.

आता माझी चूक. त्याच्या दोनच महिने आधी माझी दाढ ठणकली होती. दंतवैद्यांनी मला अमॉक्सिसिलीनच्या कॅप्सुली दिल्या होत्या, त्यातल्या चार उरल्या होत्या. (उरू द्यायच्या नसतात, पूर्ण घ्यायच्या असतात. ती आणखी एक चूक!) मी विचार केला, माझी दाढ, त्याची दाढ. माझा पू गेला, त्याचाही जाईल. दोन कॅप्सुली कागदाच्या पुडीत बांधून मुलीच्या हातात दिल्या आणि म्हणालो, “फोडून चिमूटभर पाण्यात कालव. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी.” गुरुजींनी सांगितलं म्हटल्यावर कोण शंका घेणार? पोरगी पुडी मुठीत धरून घरी गेली.

दुपारी साक्रीला काही कामासाठी गेलो होतो. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर ओळखीचे. चहा घेता घेता सहज कापशाचं सांगितलं. कॅप्सुलीचं नाव ऐकलं आणि त्यांनी कप खाली ठेवला.

“दिली का?”

“मुलीजवळ दिलीय...”

“तोंडातून दिली तर ससा मरेल. उठा आधी!”

मी मोटारसायकल कशी हाकली ते विचारू नका. कान नदीचा पूल कधी ओलांडला, आठवत नाही. त्यांच्या ओट्यावर आजी बसली होती, मांडीवर कापशा, शेजारी वाटीत पांढरं पाणी कालवलेलं. माझ्या पोटात गोळाच आला. आजी वैतागून म्हणाली, “तो तोंडच उघडत नही, काय देऊ?”

जबडा दुखत होता, म्हणून वाचला. वाटी मी स्वतः उकिरड्यावर ओतली.

आता मला सांगा, ज्या औषधाने माणूस बरा होतो त्याने ससा कसा मरेल? डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. ससा गवत खातो, पण गवत पचवणं त्याच्या एकट्याच्या आवाक्यात नाही. त्याच्या पोटात आतड्याची एक मोठी थैली असते. तिच्यात कोट्यवधी उपयोगी जिवाणू राहतात, ते गवत आंबवून पचवून देतात. पेनिसिलीनच्या घराण्यातली औषधं तोंडावाटे गेली की हे भले जिवाणू मरतात. जागा रिकामी झाली की दुष्ट जिवाणू माजतात, विष तयार करतात, जुलाब लागतात आणि थोड्याच दिवसांत खेळ खलास. त्याच घराण्यातलं औषध डॉक्टर कधी कधी सशाला सुईने देतात, ते चालतं. पण तोंडाने? अजिबात नाही. कुठलं, किती, कुठून द्यायचं हे त्यांनीच ठरवायचं. मी मास्तर आहे, डॉक्टर नाही, हे मला त्या दिवशी नीट समजलं.

डॉक्टरांच्या पुस्तकात या धोक्याच्या पानावर तीन नावं एकापाठोपाठ होती: ससा, गिनीपिग आणि चिंचिला. हा चिंचिला कोण? दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाचा उंच पर्वत आहे, तिथल्या थंडगार खडकांत राहणारा, खारीपेक्षा मोठा, गोल कानांचा, झुपकेदार शेपटीचा प्राणी. आपल्या एका केसाच्या जागी त्याला पन्नास-साठ केस उगवतात! त्या मऊ फरसाठी माणसांनी त्याची इतकी शिकार केली की तो जवळजवळ संपला. 1923 साली मॅथियास चॅपमन नावाच्या अमेरिकन माणसाने चिलीतून 11 चिंचिले कॅलिफोर्नियात नेले, त्यांची पैदास केली. आज घरोघरी पाळले जाणारे चिंचिले बहुतेक त्यांचेच वंशज. रानातले मात्र आजही संकटात आहेत. त्याला 20 दात, अन् वीसच्या वीस जन्मभर वाढतात. त्याच्याही दाढेत असाच पू होतो आणि त्यालाही हे औषध असंच बाधतं. मोठ्या शहरांत हल्ली चिंचिले विकायला येतात म्हणे. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो. थंड पर्वतातल्या त्या जिवाचे इथे काय हाल होतील? हौसेलाही काही धरबंध हवा.

बरं, आपला कापशा. रविवारी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरी घेऊन पाहिलं. सशाला एकूण 28 दात. पुढे वर दोन मोठे, आणि गंमत म्हणजे त्यांच्या मागे लपलेले दोन छोटे. खाली दोन. बाकीच्या 22 दाढा पार आत, गालामागे. सशाचं तोंड उघडतं अगदी थोडं, त्यामुळे दाढा बाहेरून दिसतच नाहीत. पुढचे दात छान होते. गडबड आत होती.

डॉक्टर म्हणाले, “मी दिवसभर गाई, म्हशी, शेळ्या बघतो. एवढ्या लहान तोंडाची हत्यारं माझ्याकडे नाहीत. नाशिकला न्यावं लागेल.” त्यांनी दुखणं थांबवणारी सुई दिली आणि दोन गोष्टी बजावल्या. गाठ दाबायची नाही. अन् पोट रिकामं राहू द्यायचं नाही.

गाठ का दाबायची नाही? तुम्हाला गळू झालं की आई पोटीस बांधते, ते पिकतं, फुटतं, पू वाहून जातो. सशाचा पू वाहत नाही. तो दाट, पनीरसारखा असतो. त्याच्याभोवती जाड भिंत तयार होते, औषध तिच्या आत नीट पोचत नाही. दाबलं तर तो बाहेर यायच्या ऐवजी आतच पसरतो. शिवाय मूळ कारण असतं दाढेच्या मुळाशी. ते तसंच ठेवून गाठ फोडली की चार दिवसांत पुन्हा भरते.

आणि पोट? ससा दिवसभर थोडं थोडं खात असतो. त्याने बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती धावाधाव करण्याची वेळ समजा. आतडं थांबतं, गॅस होतो. त्याला ओकताही येत नाही. दाढेच्या दुखण्याने नव्हे, उपाशी राहून ससा आधी जातो.

मूळ कारण काय, तेही डॉक्टरांनी मुलीला विचारून काढलं. “काय काय खातो हा?”

तिने कौतुकाने यादी सांगितली. भाकरीचा कुस्करा, बिस्किट, शेंगदाणे, गाजर, कधी भात. गवत? “त्याला भाकरच आवडते.”

इथे बोट ठेवा, दोस्तांनो. उसाचं पान हातावरून ओढलं गेलं की बोट कापतं ना? गवताच्या पात्यात सिलिका असते, वाळूत असते तीच. ससा गवत चावतो तेव्हा जबडा आडवा फिरवतो, जात्यासारखा. तासन् तास हे जातं फिरतं आणि दाढा झिजतात. वाढ इकडून, झीज तिकडून, हिशेब जुळतो. भाकरीचा कुस्करा दोनदा दाबला की गिळता येतो. मग दाढा झिजतील कशाने? त्या वर वाढतात, वाकड्या होतात, टोकं जिभेला अन् गालाला टोचतात. वर जागा उरली नाही की मुळं उलटी खाली जबड्याच्या हाडात घुसतात. तिथे फट पडते, जंतू शिरतात, पू होतो. वरच्या दाढांचं असं झालं तर डोळ्यातून सारखं पाणी येतं, कारण अश्रूंची नळी तिथूनच जाते.

चित्रातला ससा गाजर खातो म्हणून आपणही गाजर देतो. गाजर म्हणजे त्याची जिलेबी, कधीतरी एक काप पुरे. रोजचं जेवण वाळलेलं गवत, पाहिजे तेवढं. सोबत थोडा हिरवा पाला.

नाशिकचं नाव निघताच मुलीचे वडील गप्प झाले. डॉक्टरांनी खर्चाचा अंदाज सांगितला, तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, “गुरुजी, इतला पैसामा ते बकरी ई जाई.” एवढ्या पैशांत बकरी येईल. यात हसण्यासारखं काही नाही आणि रागावण्यासारखंही नाही. कोरडवाहू शेती असलेल्या घरात बकरी म्हणजे शाळेची फी, आजारपण, लग्नातला आहेर. मी काहीच बोललो नाही. चूक मी केली होती, तेव्हा निम्मा खर्च मी देतो एवढंच म्हणालो. मुलगी टोपलीवर हात ठेवून उभी होती. तीही बोलली नाही.

रात्री त्यांचाच फोन आला. उद्या पहाटे शेजाऱ्यांचा कांदा पिकअपमधून पिंपळगावच्या बाजारात चालला होता. तिथून नाशिक जवळ.

पिंपळनेर, ताहराबाद, सटाणा. बाहेर मरणाची थंडी, मागे कांद्याचा वास, मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली टोपली. टोपलीत गवत, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं, माणसासारखं ऑपरेशनच्या आधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं.

नाशिकच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढून उजेडावर धरला. खालच्या एका दाढेचं मूळ लांब होऊन हाडात घुसलेलं. भोवतालचं हाड वाळवी लागल्यासारखं. त्यांनी लपवाछपवी केली नाही. सशाला भूल देणं कुत्र्यापेक्षा जोखमीचं असतं, हा अशक्त झालाय, उठेलच असं नाही, म्हणाल्या. वडिलांनी विचारलं, नाही केलं तर? “तर हळूहळू उपाशी मरेल.”

त्यांनी सही केली.

दीड तास लागला. दाढ काढली, गाठीची भिंत सोलून काढली. जखम मात्र शिवून बंद केली नाही, मुद्दाम उघडी ठेवली, म्हणजे आतून धुता येईल आणि तळापासून भरत येईल. कापशा डोळे किलकिले करून टॉवेलमध्ये पडला होता. अर्ध्या गालाचे केस भादरलेले. अगदी ओळखू येईना.

खरी परीक्षा नंतर होती. वाळलेलं गवत अन् कोथिंबीर मिक्सरमधून बारीक काढायची, डॉक्टरांनी दिलेल्या पावडरीत पाणी घालून पातळ करायची, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरायची. पुढच्या दातांच्या बाजूने, गालाच्या फटीतून, थोडं थोडं. गिळलं की पुढचं. उताणं कधीच धरायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जातं. दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. दिवसा मुलगी, रात्री आजी. जखम रोज सलाईनने धुवायची. दुखण्याचं औषध वेगळं, जंतूंचं वेगळं, ते सहा आठवडे.

वर्गात हजेरीआधी एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: “लेंड्या किती?” हसू नका! पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशी तीन, मुगाएवढ्या. तिसऱ्या दिवशी मुलगी दारातूनच ओरडली, “चाळीस!” अन् पोरांनी बाकं बडवली. शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या, की कुणाला बक्षीस मिळालं की काय.

तक्ता पुन्हा सुरू केला. 1 किलो 720, 1 किलो 700, 1 किलो 760. मग हळूहळू वर. मार्चमध्ये जखम भरली. कापशाचा जबडा आता एका बाजूने थोडा खोलगट दिसतो. आणि तो पुरता बरा झाला असं मी म्हणणार नाही. खालची दाढ गेली, त्यामुळे तिच्यासमोरच्या वरच्या दाढेला घासायला कुणी नाही. ती वाढतच राहणार. दर दोन-तीन महिन्यांनी नाशिकला जाऊन ती कापून घ्यावी लागते. वडील कुरकुरतात, पण कांद्याची गाडी कधी निघते ते तेच विचारून येतात.

आता घरी गवताची पेंढी टांगलेली असते. मुलगी रोज झोपण्याआधी त्याच्या जबड्याच्या दोन्ही कडांवरून बोटं फिरवते. हनुवटी कोरडी आहे का, बघते. दात कराकरा खातोय का, कान लावून ऐकते, कारण तो आवाज दुखण्याचा असतो. दुखलं तरी ससा ओरडत नाही. रानात जो विव्हळेल तो कोल्ह्याच्या तोंडी जाईल. म्हणून तो लपवतो, अगदी शेवटपर्यंत.

परवाच्या शनिवारी काट्यावर 2 किलो 40 भरलं. आधीच्या शनिवारी 2 किलो 50 होतं. मी खडू उचलला, आकडा लिहायच्या आतच मागच्या बाकावरून आवाज आला, “गुरुजी, कमी का व्हयनं?”

सगळा वर्ग उठून टोपलीभोवती गोळा झाला. एकाने जबडा चाचपला, एकाने हनुवटी, एकीने पंजे. सगळं कोरडं, सगळं ठीक. मग त्या मुलीने हळूच आपला ओला फ्रॉक दाखवला. कापशाने वाटेतच कार्यक्रम उरकला होता.

फळ्यावर मी लिहिलं: 2 किलो 40 ग्रॅम. आणि कंसात, पोरांच्या आग्रहावरून: फ्रॉकवर 10.